जर्मनीचा पहिला चॅम्पियन आज चौथ्या लीगमध्ये खेळतोय, त्याच्याबद्दलही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचं क्रीडा पान मी नियमित वाचतो, ऑनलाइन का होईना पण चुकवत नाही. युरोपियन फुटबॉलला तुम्ही जागा देता, नुसता स्कोअर न छापता चार ओळी जास्तीच्या लिहिता, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण एक गोष्ट खूप दिवस खटकतेय म्हणून आज लिहायला बसलोय. तुमच्या पानावर लाइपझिग हे नाव आलं की ते फक्त आरबी लाइपझिगसाठी येतं, चॅम्पियन्स लीगमध्ये कोणाशी गाठ पडली, कुठला स्ट्रायकर किती मिलियन युरोला विकला, एवढंच. वाचणाऱ्याला वाटणार की 2009 च्या आधी या शहरात फुटबॉल नव्हतंच, एका एनर्जी ड्रिंक कंपनीने येऊन ते सुरू केलं. मी नोकरीनिमित्त लाइपझिगमध्ये राहतो आणि हा समज इथल्या किती लोकांच्या जिव्हारी लागतो ते जवळून बघतोय, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, समजून घ्या.

लाइपझिगच्या आग्नेयेला प्रोब्स्टहाइडा नावाचा भाग आहे. नेपोलियनचा पराभव झाला त्या 1813 च्या लढाईचं ते भलंमोठं काळपट दगडी स्मारक तिथून जवळच आहे, त्याच्यापुढे गेलं की ब्रूनो प्लाखे स्टेडियम लागतं. 1922 साली उघडलेलं मैदान. मुख्य स्टँड लाकडी आहे, खरोखरचं लाकूड, खांब लाकडाचे, बाकं लाकडाची, वरचं छप्पर लाकडी तुळयांवर. गोल झाला की लोक पाय आपटतात आणि सगळा स्टँड ढोलासारखा वाजतो. समोरच्या बाजूला मातीचा चढ आणि त्यावर उभं राहायच्या पायऱ्या. एका हातात ब्रातवुर्स्ट म्हणजे भाजलेलं सॉसेज, दुसऱ्या हातात बिअर, गळ्यात निळापिवळा स्कार्फ, आणि शेजारी उभे असलेले सत्तरीचे आजोबा रेफ्रीला अशा काही शिव्या घालतात की सॅक्सन बोली अर्धीच कळत असूनही अर्थ पूर्ण पोचतो. इथे 1. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग हा क्लब खेळतो, चौथ्या पातळीच्या रेगिओनाललिगामध्ये. चाहते प्रेमाने लोक्शे म्हणतात, किंवा लोकोमोटिव्हचं नुसतं ‘लोक’, मीही पुढे तेच म्हणणार आहे. आणि हाच क्लब, त्याच्या जुन्या व्हीएफबी लाइपझिग या नावाने, जर्मनीचा पहिला राष्ट्रीय चॅम्पियन आहे. बायर्न नाही, डॉर्टमुंड नाही, शाल्क नाही.

तुम्हाला माहीत असेलच, पण बऱ्याच वाचकांना नसेल, की जर्मन फुटबॉल संघटना म्हणजे डीएफबीची स्थापनासुद्धा लाइपझिगमध्येच झाली, 28 जानेवारी 1900 ला, मारिएनगार्टन नावाच्या एका रेस्टॉरंटमध्ये, 86 क्लबांच्या वतीने माणसं जमली होती. पुढे तीन वर्षांनी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली त्यात मोजून सहा टीम होत्या. आणि ती स्पर्धा म्हणजे एक गंमतच आहे. प्राग आणि कार्ल्सरूह यांची सेमीफायनल ठरलेली, तर कार्ल्सरूहला एक तार आली की मॅच पुढे ढकलली आहे. ते निघालेच नाहीत. तार खोटी होती! कोणी पाठवली ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि प्रागची डीएफसी टीम एकही मॅच न खेळता डायरेक्ट फायनलला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं हे वेगळंच, पण तिथला जर्मन बोलणाऱ्यांचा क्लब डीएफबीत सामील होता आणि डीएफबीचा पहिला अध्यक्ष फर्डिनांड ह्युप्पे हाही प्रागच्याच क्लबचा माणूस.

लाइपझिगवाले मात्र रीतसर खेळून आले. ब्रिटानिया बर्लिनला 3-1, मग आल्टोना 93 ला 6-3. फायनल 31 मे 1903 ला हॅम्बुर्गच्या शेजारच्या आल्टोनामध्ये, सैनिकांच्या कवायतीच्या मैदानावर. ना स्टँड ना काही, हजार-दोन हजार माणसं असतील. आणि मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली कारण खेळण्यालायक धड बॉलच सापडेना! आजच्या जर्मन फुटबॉलचा पसारा बघा, आणि त्याची पहिली फायनल एका बॉलसाठी अडलेली. हाफटाइमला 1-1 होतं, नंतर लाइपझिगने धुवून काढलं, 7-2. पुढच्या वर्षी परत फायनलला पोचले, कास्सेलला जाऊन तयारीत बसले आणि मॅचच्या काही तास आधी डीएफबीने फायनलच रद्द केली, कार्ल्सरूहच्याच तक्रारीवरून. 1906 ला पुन्हा चॅम्पियन, 1913 ला तिसऱ्यांदा. 1914 च्या फायनलला फ्युर्टकडून 3-2 ने हरले, ती मॅच दीडशे मिनिटांच्या वर चालली होती, कारण कोणीतरी गोल करेपर्यंत खेळत राहायचं असा तेव्हाचा नियम. त्यानंतर काही आठवड्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन कपसुद्धा एकदा आहे, 1936 चा, शाल्कला 2-1 ने हरवून, आणि ती तेव्हाची शाल्क म्हणजे देशातली सगळ्यात तगडी टीम.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जुने सगळे क्लब बरखास्त केले आणि लाइपझिग सोव्हिएत विभागात गेलं. पुढच्या वीस वर्षांत या क्लबची नावं इतक्या वेळा बदलली की ती सगळी इथे देत बसत नाही, प्रोब्स्टहाइडा, एरिश झाइग्नर, आइनहाइट ओस्ट, रोटात्सिओन, एससी लाइपझिग असं करत करत 1966 च्या जानेवारीत लोकोमोटिव्ह. पूर्व जर्मनीत क्लब म्हणजे कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याच्या नाहीतर कारखान्याच्या पदराखाली असायचा, खेळाडू या क्लबमधून त्या क्लबमध्ये वरून आदेश काढून हलवले जायचे.

याचं सगळ्यात भारी उदाहरण लाइपझिगमधलंच आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं शक्य नाही. 1963 साली अधिकाऱ्यांनी ठरवलं की शहरात दोन मोठे क्लब नकोत. दोन्हीकडचे चांगले चांगले खेळाडू निवडले आणि एससी लाइपझिगमध्ये टाकले, म्हणजे आत्ताच्या लोकच्या पूर्वजात. जे उरले, ज्यांना बिनकामाचे ठरवलं, ते गेले केमी लाइपझिगमध्ये. शहरातली माणसं त्यांना ‘उरलेलं लाइपझिग’ म्हणायची. आणि काय झालं, 1964 ला देशाचा चॅम्पियन कोण तर केमी! निवडलेले राहिले मागे आणि उरलेल्यांनी लीग मारली. मी लोकचा माणूस असूनही सांगतो, या शहरातल्या फुटबॉलची याच्याहून सुंदर गोष्ट दुसरी नाही. केमीचं मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला लॉइट्शमध्ये, त्यांचा रंग हिरवा-पांढरा, आणि आजही लोक विरुद्ध केमी डर्बी असली की ट्रामच्या स्टॉपस्टॉपवर पोलीस उभे असतात. दोघंही चौथ्या लीगमध्ये, पण वैर मात्र पहिल्या लीगचं.

पूर्व जर्मनीची लीग लोकने एकदाही जिंकली नाही. कप चार वेळा जिंकला, 1976, 1981, 1986, 1987. लीगमध्ये तीनदा दुसरा नंबर. आणि त्यातल्या दोन दुसऱ्या नंबरांमागे बर्लिनचा बीएफसी डायनॅमो आहे, ज्यांनी 1979 ते 1988 सलग दहा वेळा लीग जिंकली आणि ज्यांच्यावर श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, प्रमुख एरिश मिल्के याचा वरदहस्त होता. 22 मार्च 1986 ची मॅच इथे अजून घरोघरी माहीत आहे. लोक 1-0 ने पुढे, नव्वद मिनिटं होऊन गेली, डायनॅमोचा एक माणूस कमी, आणि पंच्याण्णवाव्या मिनिटाला रेफ्री बेर्न्ड श्टुम्फने डायनॅमोला पेनल्टी दिली. 1-1. देशभर एवढा आरडाओरडा झाला की त्या रेफ्रीला घरी बसवलं गेलं. लाइपझिगची लाजिरवाणी पेनल्टी म्हणूनच ती ओळखली जाते. पुढे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या अँगलचं फुटेज बाहेर आलं आणि त्यात पेनल्टी योग्य असू शकते असं दिसलं. मला वाटतं ती एक पेनल्टी बरोबर का चूक हा मुद्दाच नाही. दहा वर्षं लोकांनी जे बघितलं होतं त्याचा राग त्या एका शिट्टीवर निघाला. 1988 ला तर दोघांचे पॉइंट सारखे, डायनॅमोला गोल फरकावर चॅम्पियन केलं.

आता 22 एप्रिल 1987. हे जरा सविस्तर सांगतो कारण हे प्रत्येक लोकवाला सविस्तरच सांगतो. युरोपियन कप विनर्स कपची सेमीफायनल, समोर फ्रान्सची बोर्दो, टीममध्ये झाँ तिगाना वगैरे मंडळी. पहिल्या लेगला तिकडे जाऊन ऊव्हे ब्रेडोच्या गोलवर लोक 1-0 ने जिंकून आलेले. परतीची मॅच झेंट्रालस्टेडियममध्ये, हे स्टेडियम 1956 साली उघडलं, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहराचा राडारोडा टाकून त्याच्या भिंती उभ्या केलेल्या, लाखभर माणूस मावायचा. त्या दिवशी अधिकृत आकडा 73,000, पण तिथे असलेला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की लाखाच्या वर लोक होते, कुंपणांवर, जिन्यांवर, जिथे मिळेल तिथे. सुरुवातीलाच बोर्दोने गोल केला. मग नव्वद मिनिटं, मग एक्स्ट्रा टाइम, दुसरा गोल काही होईना. पेनल्टी शूटआउट. पाच-पाच झाल्या तरी निकाल नाही. मग गोलकीपर रने म्युलरने एक शॉट अडवला, आणि पुढची पेनल्टी मारायला तोच स्वतः चालत आला! ग्लोव्ह्जसकट. धाव घेतली आणि वरच्या बाजूला सणसणीत मारला, 6-5. त्या क्षणाचं व्हिडिओ फुटेज आहे, जरूर बघा, अख्खं मैदान आत धावत येतं.

13 मे ला अथेन्समध्ये फायनल. समोर अ‍ॅमस्टरडॅमची अजॅक्स, कोच योहान क्रायफ, आणि विसाव्या मिनिटाला मार्को फान बास्टनचा हेडर. 0-1. तेवढंच. पूर्व जर्मनीतून तिकडे जायची परवानगी निवडक लोकांनाच, बाकी सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आदल्या दशकात 1974 ला युएफा कपच्या सेमीफायनलपर्यंत पोचले होते, तोरिनो, वुल्व्ह्ज, फोर्टुना ड्युसेलडॉर्फ, इप्सविच अशा टीमना घरी पाठवून मग टॉटनहॅमकडून हरले. आणि 1988 च्या सीझनमध्ये तर मॅराडोनाची नापोली लाइपझिगला येऊन गेली, 1-1. परतीच्या मॅचला 2-0 हरले, आणि नापोलीने तो कप जिंकला. म्हणजे आज ज्या क्लबची मॅच चार-पाच हजार लोक बघतात त्याने मॅराडोनाला बरोबरीत रोखलंय, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको का?

बर्लिनची भिंत पडली आणि सगळं बदललं. पूर्वेच्या क्लबांकडचे चांगले खेळाडू पश्चिमेच्या क्लबांनी एकामागून एक उचलले, तिकडे पैसा होता, इकडे कारखानेच बंद पडत होते. एकत्रीकरणानंतर पूर्वेच्या फक्त दोन टीमना बुंडेसलिगात, म्हणजे पहिल्या लीगमध्ये, जागा मिळाली, रॉस्टॉक आणि ड्रेस्डेन. लोक दुसऱ्या लीगमध्ये. 1991 ला जुनं व्हीएफबी नाव परत घेतलं, 1993 ला वर चढले, आणि 1993-94 चा तो एकच बुंडेसलिगा सीझन, फक्त 3 मॅच जिंकल्या, शेवटचा नंबर, परत खाली. तिथून घसरगुंडी. कर्ज काढून वर जायची स्वप्नं बघितली, ती फेडता आली नाहीत. 1999 ला एकदा दिवाळखोरी, 2004 ला दुसऱ्यांदा, आणि या वेळी क्लब संपला. जर्मनीचा पहिला चॅम्पियन कोर्टाच्या कागदांवर गुंडाळला गेला.

इथे खरी गोष्ट सुरू होते असं मला वाटतं. क्लब मरणार हे दिसत असताना डिसेंबर 2003 मध्येच मूठभर चाहत्यांनी एकत्र येऊन 1. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग हा क्लब नव्याने नोंदवला, स्टेफन कुबाल्ड पहिला अध्यक्ष झाला, आणि जर्मन नियमाप्रमाणे नवा क्लब म्हणजे सगळ्यात खालून सुरुवात, अकरावी पातळी. बरोबर वाचलंत, अकरावी. जिथे पोट सुटलेले डिफेंडर असतात, जिथे रविवारी सकाळी खेळाडूंचे घरचेच प्रेक्षक असतात, तिथे लोक क्लब. आणि लोकांनी काय केलं? तिथेही आले. हजारोंनी आले. 9 ऑक्टोबर 2004 ला आइनट्राख्ट ग्रोसडॉयबेन या छोट्या क्लबच्या दुसऱ्या टीमविरुद्धची मॅच झेंट्रालस्टेडियममध्ये घेतली, 2006 च्या वर्ल्ड कपसाठी जुन्या स्टेडियमच्या पोटात नवं स्टेडियम नुकतंच बांधून झालं होतं तिथे, आणि 12,421 लोक आले. अकराव्या लीगच्या मॅचला! एवढ्या खालच्या लीगसाठी तो जागतिक विक्रम मानला जातो. विचार करा त्या समोरच्या टीमच्या पोरांचा, आठवडाभर कामधंदा करणारी माणसं, वर्ल्ड कपच्या स्टेडियममध्ये बारा हजारांसमोर खेळतायत. त्यांच्यासाठीही तो दिवस आयुष्यभराचा असणार.

मग एकेक पायरी. मध्ये शेजारच्या एका क्लबशी विलीनीकरण करून दोन-तीन पायऱ्या वाचवल्या, त्यावरून टीकाही झाली आणि ती चुकीची नव्हती. 2008 पर्यंत ओबरलिगा म्हणजे पाचवी पातळी, 2012 ला रेगिओनाललिगा, मध्ये एकदा घसरून 2016 ला परत. आणि मग 2020-21 च्या सुमारास आणखी एक काम पूर्ण केलं. जुना व्हीएफबी लाइपझिग कागदोपत्री रजिस्टरमध्ये पूर्ण मिटलेला नव्हता, तर सभासदांनी मतदान करून तो आपल्यात विलीन करून घेतला, म्हणजे 1903, 1906 आणि 1913 चे किताब आता कायद्यानेही लोकचे. वकील, कोर्ट, जुनी देणी, किती किचकट असेल, आणि यातून पैशाचा फायदा एक पैचा नाही. फक्त आपल्या आजोबांनी ज्या क्लबवर जीव टाकला तो आपलाच, हे कागदावर यावं म्हणून. मला हे फार मोठं वाटतं.

आता जे वाईट आहे तेही लिहितो, कारण ते लपवून या क्लबबद्दल प्रेमाने लिहिणं मला जमणार नाही. लोकच्या काही चाहत्यांनी क्लबला प्रचंड बदनाम केलंय. 2006 ला एका ज्युनिअर मॅचला चाहत्यांच्या एका टोळक्याने उभं राहून मानवी स्वस्तिक बनवलं, नाझींचं. 2007 च्या फेब्रुवारीत आउए या क्लबच्या दुसऱ्या टीमविरुद्धच्या मॅचनंतर शेकडो जणांनी पोलिसांवर हल्ला केला, कितीतरी पोलीस जखमी झाले, आणि सॅक्सनी या आमच्या राज्यातल्या खालच्या लीगच्या पुढच्या वीकेंडच्या मॅचेस रद्द केल्या गेल्या. आणि हे जुनं झालं म्हणावं तर 2025 च्या ऑगस्टमध्ये जर्मन कपमध्ये शाल्क आली होती, तिच्या एका कृष्णवर्णीय खेळाडूला स्टँडमधून वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, मॅच थांबवावी लागली, आणि त्यानंतर त्याने बॉलला पाय लावला की स्टँडमधून हुर्यो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच. मी परदेशी माणूस, माझ्या कातडीचा रंग दिसतो, मला हे वाचून काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. क्लबमध्ये याविरुद्ध काम करणारी माणसंही आहेत, मुलांच्या टीममध्ये कितीतरी देशांतून आलेल्या घरांतली पोरं खेळतात, आणि मॅचला शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने गोल झाल्यावर मला मिठी मारलेली आहे. पण जोपर्यंत असल्या शिव्या देणाऱ्याला त्याच्या बाजूला उभा असलेला माणूसच बाहेर काढत नाही तोपर्यंत हा डाग जाणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरबीबद्दलही दोन शब्द, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. 2009 ला रेड बुलने मार्कराइनश्टेट नावाच्या जवळच्या छोट्या क्लबची पाचव्या लीगमधली जागा घेतली, सात वर्षांत बुंडेसलिगात पोचले, जर्मन कप दोनदा जिंकला. झेंट्रालस्टेडियमचं नाव रेड बुल अरेना झालं. जर्मनीत नियम आहे की क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडेच पाहिजे, तो त्यांनी कसा पाळला तर मत देण्याचा हक्क असलेले सभासद अगदी मोजके ठेवून. बाकी देशातले चाहते त्यांच्यावर चिडतात ते यासाठी. मला आरबीचा द्वेष नाही. माझ्या ऑफिसमधली माणसं पोरांना घेऊन तिकडे जातात, सुरक्षित वाटतं, चांगलं फुटबॉल बघायला मिळतं, यात वाईट काय आहे. लोक आणि केमीने एकमेकांशी मारामाऱ्या करण्यात आणि कर्जं करण्यात जी पंधरा-वीस वर्षं घालवली त्यामुळेच शहरात ती मोकळी जागा तयार झाली हेही खरं आहे. पण म्हणून आधीची शंभर वर्षं पुसायची का?

आणि आता ज्या कारणासाठी मी हे आत्ता लिहितोय ते. तुमच्या वाचकांना वाटेल की एवढा इतिहास असलेला क्लब चौथ्या लीगमध्ये का अडकलाय, लायकी नसेल. तर 2020 ला कोरोनात सीझन थांबला तेव्हा लोक आपल्या गटात चॅम्पियन ठरली. पण चॅम्पियन झालं म्हणून वर जाता येत नाही! चौथ्या पातळीवर जर्मनीत पाच विभागांच्या पाच लीग आहेत, पाच चॅम्पियन, आणि वरच्या तिसऱ्या लीगमध्ये जागा चार. आताच्या नियमाप्रमाणे पश्चिम आणि नैर्ऋत्य विभागाचे चॅम्पियन दरवर्षी थेट वर. उरलेल्या तिघांपैकी, म्हणजे उत्तर, ईशान्य आणि बायर्न (बव्हेरिया राज्य), एकाला आळीपाळीने थेट जागा, आणि बाकी दोघांनी आपसात दोन मॅच खेळायच्या. लोक ईशान्य विभागात. 2020 ला वाटणी जरा वेगळी होती, प्लेऑफला समोर आली पश्चिम विभागाची फेर्ल, प्रेक्षकांशिवाय मॅचेस, इकडे 2-2, तिकडे 1-1. एकही मॅच न हरता लोक खाली राहिली, कारण बाहेरच्या मैदानावर फेर्लचे गोल जास्त. 2025 ला परत चॅम्पियन, आणि परत प्लेऑफ, समोर हानोफरजवळच्या हावेल्से गावची टीम. तिकडे 1-1 करून आले आणि घरच्या मैदानावर, भरलेल्या प्लाखेमध्ये, सगळं हातातून गेलं. मॅच संपल्यावर बराच वेळ कोणी हललंच नाही, त्या लाकडी स्टँडमध्ये मोठमोठी माणसं रडत होती.

यात हावेल्सेची काही चूक नाही, ते चांगले खेळले. चूक नियमाची आहे. चौतीस मॅचेसची मेहनत, उन्हातान्हात बर्फात, आणि मग दोन मॅचवर सगळं. तुलनेला बुंडेसलिगा घ्या, तिथे पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर, त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. पूर्वेच्या क्लबांचं म्हणणं साधं आहे, चॅम्पियन वर गेलाच पाहिजे. 2025 मध्ये त्यांनी एकत्र येऊन नियम बदलायची मागणी लावून धरली, मग बाकीच्या विभागांतले आणि तिसऱ्या लीगमधलेही क्लब त्यात आले. यावर उपाय म्हणजे पाचाच्या चार लीग करणं, किंवा तिसऱ्या लीगमधून चारऐवजी पाच टीम खाली आणणं, पण विभागांच्या संघटना आपली हद्द सोडायला तयार नाहीत आणि तिसऱ्या लीगमधल्यांना आपली खुर्ची प्यारी. पूर्वेकडच्या लोकांना यात जुनीच जखम दिसते, एकत्रीकरण झालं तेव्हाही जागा त्यांनाच कमी मिळाल्या होत्या आणि आजही ईशान्येचा चॅम्पियन बहुतेक वर्षी थेट वर जात नाही. येना, कोटबुस, एर्फुर्ट, झ्विकाउ, माग्डेबुर्ग, ही सगळी जुनी नावं कधी ना कधी या चौथ्या लीगमध्ये अडकून पडलेली आहेत.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला हे प्लेऑफ होतात, तेव्हा युरोपातल्या मोठ्या लीग संपलेल्या असतात आणि तुमच्या पानावरही ट्रान्स्फरच्या अफवांनी जागा भरलेली असते. त्यातल्या चार ओळी या मॅचेसना द्या. स्कोअर, कोण वर गेलं, कोण राहिलं, आणि राहिलेला क्लब कुठला आहे ते एका वाक्यात. आणि आरबीवर पुढचा लेख लिहाल तेव्हा लाइपझिगला फुटबॉल कोणी आणलं या प्रश्नाचं उत्तर 1903 पासून द्या. प्लाखे स्टेडियमचे, त्या लाकडी स्टँडचे फोटो हवे असतील तर मी काढून पाठवतो, मानधनाची अपेक्षा नाही.

आपला,
एक नियमित वाचक, लाइपझिग